आमच्या आरओच्या एएमसीचा रिव्ह्यू: पाचपैकी दीड स्टार, त्यातला अर्धा त्या दुसऱ्या मुलाचा

आरओ म्हणजे पाणी शुद्ध करायचं मशीन आणि एएमसी म्हणजे त्याच्या देखभालीचा वर्षाचा करार. कंपनीचं नाव लिहीत नाहीये. पैसे परत मिळालेत, मला आता परत त्यांच्याशी फोनवर बोलायची ताकद नाहीये आणि या धंद्यात दहातल्या आठ जणांकडे हेच ऐकायला मिळतं, त्यामुळे एकालाच कशाला धरायचं. पण झालं काय ते नीट लिहिते, कारण सोसायटीतल्या चार जणींनी विचारलं की तू नेमकं केलंस काय, आणि प्रत्येकीला लिफ्टमध्ये उभं राहून सगळं सांगायचं म्हणजे खालपासून सातव्या मजल्यापर्यंत पुरत नाही.

आम्ही राहतो पुण्यात, धायरीत. म्हणजे पाण्याची गोष्ट सांगायलाच नको. पावसाळा-हिवाळ्यात कॉर्पोरेशनचं येतं, मार्चपासून बोअर मिक्स आणि एप्रिल-मे म्हणजे टँकर, आणि टँकरवाला कुठून भरून आणतो ते त्यालाच ठाऊक. २०२१ च्या दिवाळीत आरओ घेतला, पहिलं वर्ष वॉरंटी, मग दरवर्षी एएमसी. तोपर्यंत काही तक्रार नव्हती. वर्षातून दोनदा माणूस यायचा, फिल्टर बदलायचा, आई त्याला चहा द्यायच्या (आई म्हणजे सासूबाई), तो सही घेऊन जायचा. २०२३ च्या दिवाळीत मेम्ब्रेन (पाण्यातले क्षार अडवणारा आतला पडदा) पण बदलून गेला, तेव्हाच्या प्लॅनमध्ये फुकट होतं ते.

मग जानेवारी २०२५. सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सगळीकडे जीबीएसची (हातपाय लुळे पडणारा नसांचा आजार, दूषित पाण्यामुळे पसरतोय म्हणत होते) घबराट. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये पाणी उकळून, गाळून, परत उकळून पित होते लोक. नेमका त्याच आठवड्यात रिन्यूअलचा फोन आला. मुलगी इतकी गोड बोलत होती, "मॅडम तुमच्या एरियात सध्या प्रॉब्लेम आहे ना, तुमचं एएमसी संपतंय, आज केलं तर जुन्याच रेटने होईल". मी विचारलं मेम्ब्रेन, मोटर सगळं येतं ना. "येस मॅडम, ऑल इन्क्लुडेड." ४,७२० रुपये, लिंक पाठवली, मी ऑफिसच्या मीटिंगमध्येच टेबलाखालून पैसे भरून टाकले. पीडीएफ आली मेलवर, ती उघडली नाही. ही माझी चूक, लिहून टाकते आधीच, नंतर कुणी म्हणायला नको.

मे महिन्यात पाणी यायचं कमी झालं. कमी म्हणजे किती, तर टाकी रात्रभर मशीन चालू ठेवूनही अर्धीच. कम्प्लेंट टाकली, एसएमएसवर तक्रार नंबर आला, तिसऱ्या दिवशी माणूस आला. मी ऑफिसात, घरी बाबा एकटे (सासरे, वय ७४, आयुष्यभर सरकारी नोकरी केलेला सरळ माणूस). त्याने झाकण काढलं, आत टॉर्च मारली आणि म्हणाला काका मेम्ब्रेन गेलंय. बाबा म्हणाले आमचं एएमसी आहे. तर म्हणे तुमचं साधं आहे, कॉम्प्रिहेन्सिव्ह नाही, मेम्ब्रेन त्यात येत नाही, २,९५० होतील जीएसटी धरून, नाही बदललं तर हेच घाण पाणी प्यावं लागेल आणि सध्या आजार काय चाललेत तुम्हाला माहितीये. शेवटच्या वाक्याला बाबा गार. पैसे यूपीआयने दिले, त्याच्याच मोबाईलवरच्या क्यूआरवर. बिल मागितलं तर म्हणाला मेलवर येईल. जुनं मेम्ब्रेन? "ते कंपनीत जमा करावं लागतं काका." अर्ध्या तासात काम आटपून गेला, जॉब शीटवर बाबांची सही घेऊन.

बिल आलं नाही. पाणी चार दिवस जरा बरं आलं (का ते पुढे सांगते), मग परत तीच धार.

आता इथे मी पहिल्यांदा डोकं चालवलं. ऑनलाइन अडीचशे रुपयांचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर मागवला. पेनासारखा असतो, पाण्यात बुडवायचा, आकडा येतो. नळाचं पाणी ७८०, आरओचं ६२. म्हणजे मशीन नव्वद टक्क्यांच्या वर क्षार अडवतंय. मेम्ब्रेन खराब झालं की सहसा हा बाहेरचा आकडा चढायला लागतो, त्यावरून तरी आमचं मेम्ब्रेन ठणठणीत होतं. मग मी म्हटलं अरे वा, नवीन टाकलंय ना, ठणठणीत असणारच, मग पाणी का येत नाहीये? परत कम्प्लेंट टाकली, शनिवारी मी घरी असतानाच या असं सांगून.

तो दुसरा मुलगा आला तो विशीतला असेल, सॅकला एक बटण नव्हतं, बोलायला एकदम कमी. मी ओट्याशीच उभी राहिले. म्हटलं दादा सगळं माझ्यासमोर उघडायचं, घाई नाही मला. त्याने आधी बाहेरचा तो निळा बाऊल उघडला, ज्यात माती अडवणारी कापसासारखी कॅन्डल (प्री-फिल्टर) असते, आणि मी तुम्हाला सांगते ती कॅन्डल चॉकलेटी पण नव्हती, काळी-तांबडी, दाबली की मातीचं पाणी गळत होतं. टँकरची माती. ती इतकी चोंदलेली की पुढे मशीनमध्ये पाणी जातच नव्हतं. हे बदलायला दीडशे रुपये आणि पाच मिनिटं लागतात. पहिल्या माणसाने ती नुसती नळाखाली खळखळून धुऊन परत बसवली असणार असं हा म्हणाला, त्यावर चार दिवस निघाले.

मग मी म्हटलं आता मेम्ब्रेन काढ. तो म्हणाला मॅडम ते नवीनच आहे ना, शीटवर लिहिलंय. म्हटलं काढ तरी. गोल पान्याने झाकण सोडवलं, पक्कडीने मेम्ब्रेन ओढून काढलं, आणि त्याच्या टोकाच्या लेबलवर काळ्या मार्करने लिहिलेलं होतं, ८/११/२३. आमच्या दिवाळीतलं. तेच. बाबा चष्मा लावून वाकले, तारीख वाचली, आणि काही न बोलता आत जाऊन बसले. मला २,९५० पेक्षा त्याचाच राग जास्त आला.

मुलगा गप्प. मी पण गप्प. मग म्हटलं, दादा तुझ्यावर राग नाही माझा, पण तू जे बघितलंस तेवढंच शीटवर लिही. तो दोन मिनिटं पेन फिरवत बसला, मग लिहिलं, "मेम्ब्रेन जुनेच आहे, बदललेले नाही, प्री-फिल्टर चोक". खाली सही, तारीख, त्याचा एम्प्लॉयी नंबर. त्याला चहा दिला आईंनी, बिस्किटं पण. शीर्षकातला अर्धा स्टार त्याचा, पाचपैकी पाच द्यायला हवे होते पण मग कंपनीचं रेटिंग उगाच वर जातं. त्याच्या त्या दोन ओळींच्या जोरावर पुढचं सगळं झालं.

त्या रात्री ती पीडीएफ उघडली. चौथ्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, मेम्ब्रेन, पंप, इलेक्ट्रिकल पार्ट्स वगळून. म्हणजे फोनवरची मुलगी सरळ खोटं बोलली होती, पण माझ्याकडे त्याचा पुरावा शून्य. कॉलचं रेकॉर्डिंग त्यांच्याकडे, माझ्याकडे फक्त आठवण. तेव्हापासून माझा नियम आहे, फोनवर कुणी काही "इन्क्लुडेड" म्हटलं की मी म्हणते हेच मला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, मग पैसे भरते. निम्मे जण तिथेच गळतात.

कंपनीला मेल केला. सगळं एकाच मेलमध्ये: तक्रार नंबर, दोन्ही जॉब शीटचे फोटो, मेम्ब्रेनच्या तारखेचा फोटो, यूपीआयचा स्क्रीनशॉट, आणि मागणी काय ती स्पष्ट, २,९५० परत आणि बिल न दिल्याबद्दल खुलासा, पंधरा दिवसांत. उत्तर आलं की आमच्या सिस्टीममध्ये असं कुठलंही पेमेंट दिसत नाही, सदर रक्कम टेक्निशियनने वैयक्तिकरीत्या स्वीकारली असल्यास कंपनी जबाबदार नाही. हात वर! अरे माणूस तुम्ही पाठवला, एसएमएस तुमचा, शर्टावर लोगो तुमचा, जॉब शीट तुमची, आणि पैसे खाल्ले की तो तुमचा नाही? मी हे जवळजवळ याच शब्दांत लिहिलं, जरा सभ्य करून. पुढे आठ दिवस उत्तरच नाही.

मग १९१५ लावला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मला वाटलं होतं तासभर गाणं ऐकवतील आणि हिंदीत बोलावं लागेल, तर मराठी निवडता येतं, बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं, तक्रारीचा नंबर दिला, कागदपत्रं वेबसाइटवर चढवायला सांगितली. ८८००००१९१५ वर व्हॉट्सअ‍ॅपनेही तक्रार करता येते म्हणे, मी फोनच केला. एक समजून घ्या, ही हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नाही, ते कंपनीला दंड वगैरे करू शकत नाहीत, मध्ये पडून कंपनीकडून उत्तर काढतात इतकंच. पण सरकारी नंबरवरून तक्रार गेली की कस्टमर केअरच्या पोपटाऐवजी कुणीतरी जरा वरचा माणूस फाइल उघडतो. माझ्या केसमध्ये बाराव्या दिवशी फोन आला, "एस्कलेशन डेस्क"वरून. आवाजच वेगळा. आधी म्हणाले मॅडम गुडविल म्हणून पुढच्या वर्षीचं एएमसी फ्री देतो. म्हणजे चोराच्याच हाती परत किल्ल्या! नको म्हटलं, पैसे द्या. मग म्हणाले निम्मे. मग मी सांगितलं की माझा अर्ज तयार आहे, जिल्हा आयोगात ऑनलाइन टाकते.

आणि तो खरंच तयार होता, नुसती धमकी नव्हती. हे जरा सविस्तर सांगते कारण लोकांना वाटतं ग्राहक मंच म्हणजे वकील, तारखा, काळा कोट, तीन हजारासाठी कोण तीस हजार घालवणार. मला पण तसंच वाटायचं. तर कायदा आता २०१९ चा आहे, २० जुलै २०२० पासून लागू, जुना १९८६ चा गेला. मंचाला आता जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग म्हणतात, पन्नास लाखांपर्यंतचं प्रकरण तिथे चालतं, आणि ते तुम्ही किती भरपाई मागताय त्यावर नाही तर तुम्ही किती पैसे मोजले होते त्यावर ठरतं. पाच लाखांपर्यंत फी शून्य. शून्य! वकील लागतोच असं नाही, स्वतःच अर्ज करता येतो आणि स्वतःच बोलता येतं. कंपनीचं ऑफिस गुडगावला असो नाहीतर चेन्नईला, तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्ह्यात तक्रार टाकता येते, हा बदल नव्या कायद्यात आला आणि माझ्या मते हाच सगळ्यात कामाचा आहे. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत टाकायची. ऑनलाइन टाकायला आधी ई-दाखिल होतं, २०२५ पासून ई-जागृती. निकाल तीन महिन्यांत लागावा असं कायद्यात लिहिलंय, वस्तू लॅबमध्ये तपासायची असेल तर पाच. लिहिलंय. प्रत्यक्षात तारखा पडतात, ते गृहीत धरूनच उतरायचं.

आणि बिल न देणं ही नुसती वाईट सवय नाहीये बरं का, त्याच कायद्यात ती अनुचित व्यापारी प्रथा म्हणून धरलेली आहे. मी मेलमध्ये हे लिहिलं होतं तेव्हा मेलला उत्तर देणाऱ्याने दुर्लक्ष केलं, एस्कलेशनवाल्याने नाही केलं. फोन ठेवला, तीन दिवसांनी २,९५० खात्यात आले. मनस्तापाचे म्हणून मी ५,००० मागितले होते, त्यावर तो चक्क हसला, आणि खरं सांगू, मी सोडून दिलं. माझा भाऊ म्हणतो सोडायला नको होतं, आयोगात गेली असतीस तर मिळाले असते. असतील. पण दहावीचा मुलगा घरात आहे, प्रत्येकाची शक्ती वेगळी असते.

बिलाचं अजून थोडं. "बिल पाहिजे तर अठरा टक्के वर लागतील" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल, एसीवाला, पंपवाला, सोफा धुणारा, सगळे बोलतात. आता गंमत बघा, सेवेचा धंदा वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नंबर घ्यायची सक्ती नाही, आणि नंबर नसेल तर तो जीएसटी लावूच शकत नाही, साधं बिल द्यायचं फक्त. आणि नंबर असेल तर तुम्ही मागा न मागा, दोनशेच्या वरच्या कामाचं बिल त्याने द्यायलाच हवं. म्हणजे दोन्हीकडून ते वाक्य फोल. नंबर पंधरा आकडी-अक्षरी असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो, जीएसटीच्या साइटवर टाकला की धंद्याचं नाव दिसतं. आमच्या पहिल्या माणसाने "जीएसटी धरून" २,९५० घेतले, म्हणजे अडीच हजार आणि वर अठरा टक्के, हिशोब एकदम चोख, फक्त तो टॅक्स सरकारच्या ऐवजी त्याच्या खिशात गेला. आणि पार्ट खोक्यातला असेल तर खोकं मागा. त्यावर एमआरपी छापलेली असते, त्यात सगळे टॅक्स आलेच, वर परत जीएसटी लावून एमआरपीच्या पुढे जाता येत नाही. त्यासाठी वैध मापन शास्त्र खातं आहे, त्यांचं नाव काढलं तरी दुकानदार खोकं शोधायला लागतो.

आता आम्ही जातो कोपऱ्यावरच्या काकांकडे. छोटं दुकान आहे, शटर अर्धं खाली, आत मिक्सरची भांडी आणि गिझरचे कॉइल लटकलेले. त्यांच्याकडे तेच मेम्ब्रेन, त्याच ब्रँडचं नाही पण चांगल्या कंपनीचं, खोक्यावर १,६०० छापलेलं, देतात १,२०० ला. आतले दोन फिल्टर मिळून ४५०, मजुरी २००. म्हणजे वर्षातून दोनदा बदलले तर १,३००, मेम्ब्रेन दोन वर्षांनी धरलं तर त्याचे वर्षाला ६००, झाले १,९००. एखाद्या वर्षी पंप गेला तर अकराशे-बाराशे वर. आणि आम्ही भरत होतो ४,७२०, ते पण मेम्ब्रेन-पंप सोडून. हा हिशोब मी चार वर्षांत एकदाही मांडला नव्हता, किराणा मालात मात्र दोन रुपयांसाठी दोन दुकानं फिरते.

कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतलं असतं तर ६,४९० होते. ज्यांच्याकडे बारा महिने बोअरचं पाणी आहे आणि मेम्ब्रेन दर वर्षी जातं, त्यांना कदाचित ते परवडेल, बाकीच्यांना मला नाही वाटत. आणि वॉरंटीच्या पहिल्या वर्षात मात्र बाहेरच्या माणसाला हात लावू देऊ नका, उद्या कंपनी तेच निमित्त पुढे करते.

काकांचे पण दोष सांगते, नाहीतर हे त्यांची जाहिरात वाटेल. वेळेचं काही खरं नाही. "येतो संध्याकाळी" म्हणजे कुठल्या दिवशीच्या संध्याकाळी ते विचारायचं. बिल कार्बनवाल्या पुस्तकातलं, हाताने लिहिलेलं, "फिल्टर-२" एवढंच लिहितात, मी शेजारी उभी राहून कंपनी, तारीख आणि "सहा महिने गॅरंटी" लिहून घेते. ते वैतागतात. पण जुना पार्ट न मागता हातात देतात. स्टार चार.

मध्ये एकदा अ‍ॅपवरून पण बोलावून बघितलं होतं, ते घरपोच सर्व्हिसवाले. रेट कार्ड आधीच दिसतं हे चांगलं, माणूस वेळेवर आला हे त्याहून चांगलं, पण पैसे भरताना खाली हळूच ९९ रुपयांचा कसलातरी प्रोटेक्शन प्लॅन आपोआप जोडलेला. आधीच टिक करून ठेवलेला चौकोन २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतच चालत नाही, आणि २०२३ च्या नोव्हेंबरपासून असल्या तेरा चलाख्यांची सरकारने यादीच काढलीये, न विचारता बास्केटमध्ये काहीतरी सरकवणं त्यात आहे. अ‍ॅपमधल्या तक्रार अधिकाऱ्याला दोन ओळी लिहिल्या, त्यांना अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात निकाली काढावी लागते. मला दुसऱ्याच दिवशी ९९ परत. साडेतीन स्टार, चकटफू मनस्तापाचा अर्धा कापला.

एक महत्त्वाचं राहिलं. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. वर जे पहिले तीन-चार "ऑथोराइज्ड सर्व्हिस" दिसतात त्यातले बरेचसे कंपनीचे नसतातच, दोन तासांत हजर होतात आणि पाच पार्ट खराब आहेत सांगतात. कंपनीचा माणूस दोन तासांत आलेला कधी बघितलाय का कुणी? मशीनवरच्या स्टिकरचा किंवा मॅन्युअलमधला नंबर लावा. आणि कुणी फोनवर स्क्रीन शेअर करा, ओटीपी सांगा, दहा रुपये भरून कम्प्लेंट रजिस्टर करा म्हणालं तर ठेवून द्या, पैसे गेलेच तर १९३० लगेच लावा, तो सायबरचा.

आणि आरओ घ्यायचाच असेल तर आधी घ्यावा का ते बघा. माझी मावशी कोथरूडला राहते, खडकवासल्याचं पाणी, मीटरवर शंभराच्या आसपास. पिण्याच्या पाण्याचं जे आयएस १०५०० नावाचं मानक आहे त्यात ५०० पर्यंत टीडीएस चालतो. तिला आरओ कशाला? यूव्ही (किरणांनी जंतू मारणारं मशीन) पुरे, नाहीतर आपलं उकळून-गाळून. वर आरओ पाणी किती फेकतो, आमच्याकडे मी बादली लावून मोजलं, एक लिटर प्यायला मिळतं तर जवळजवळ तीन लिटर बाहेर. आम्ही ते फरशीला-गाड्यांना वापरतो, पण टँकरचं विकतचं पाणी आहे हो ते.

तर मावशीकडे डेमोवाला आला होता, योगायोगाने मी तिथेच. त्याने दोन ग्लास घेतले, एकात नळाचं, एकात त्याच्या बाटलीतलं आरओचं, आणि दोन्हीत ते सळ्यांचं यंत्र सोडून प्लग लावला. मिनिटभरात नळाचं पाणी पिवळं, मग तांबडं, मग गटारासारखं काळपट, वर फेस. आरओचं जसंच्या तसं. मावशीने तोंडाला पदर लावला, "अगं बाई, हे पितोय आम्ही चाळीस वर्षं?" दहावीच्या मुलाला सायन्स शिकवण्याचा असा उपयोग होईल वाटलं नव्हतं. त्या सळ्यांत एक लोखंडाची असते, पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंडच झिजून पाण्यात उतरतं, तो रंग सळईचा, पाण्याचा नाही. आरओच्या पाण्यात क्षार जेमतेमच, तर वीज वाहणार कुठून. मी आत गेले, चिमूटभर मीठ आणलं, त्याच्या त्या शुद्ध पाण्याच्या ग्लासात टाकलं, ढवळलं, म्हटलं दादा आता परत लावा. तो म्हणाला मॅडम तसं नसतं. म्हटलं लावा तर खरं. त्याने नाही लावला, मीच लावला. नळाच्या पाण्यापेक्षा काळं झालं. मावशी त्या ग्लासाकडे बघते, त्याच्याकडे बघते, मग म्हणाली चहा घेणार का. पुण्यात असं चहाचं कुणी विचारलं की निघायचं असतं हे त्याला कळलं, सामान भरून गेला.

आमच्याकडे आता सिंकखालच्या कप्प्यात एक प्लास्टिकची पिशवी आहे. त्यात निघालेला प्रत्येक जुना पार्ट, प्रत्येक बिल, आणि बाबांची एक वही, तारीख, आत किती टीडीएस, बाहेर किती, कोण आलं होतं, किती दिले. तो मीटर आता त्यांच्या शर्टाच्या खिशात असतो, पेनाशेजारी. गेल्या आठवड्यात वॉशिंग मशीनवाला आला तर त्याला आधी विचारलं, जुना बेल्ट इथेच ठेवशील ना बाळा, मग झाकण उघडू दिलं. मला जरा हसू आलं पण बोलले नाही काही.

एएमसीचा रिन्यूअलचा फोन यंदाच्या जानेवारीत परत आला, तीच गोड मुलगी असेल किंवा दुसरी. बाबांनीच उचलला. तिने सगळं सांगितलं, ऑल इन्क्लुडेड वगैरे, आज केलं तर जुना रेट. बाबा म्हणाले हो का, छान, मेम्ब्रेन आणि पंप धरून असं एवढं मला लिहून पाठवा, वाचतो आणि कळवतो. ती म्हणाली पाठवते सर.

अजून आलेलं नाही.